पाठीतली चिठ्ठी

मृत्युपत्र मी शिवलं. सगळं तिथून बिघडलं, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

आमचा धंदा पुस्तकबांधणीचा. बाबा गेले तेव्हा कारखान्यात पुस्तकं दाबायचा एक शिकंजा, एक कापणीचं यंत्र, मी आणि मागच्या खोलीत माझी खाट एवढंच होतं. बाबांनी हे सगळं माझ्या नावे केलं होतं. तीन टाइप केलेली पानं, खाली त्यांची सही, शेजारी कागदवाल्या काकांची आणि डॉक्टरांची साक्ष. न्यायालयाने प्रोबेट दिलं, म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असा शिक्का मारला, की जागा माझी. नाही दिलं तर जागेचे दोन वाटे. धाकट्या भावाला अर्धा वाटा द्यायचा तर जागाच विकावी लागणार, आणि या वयात मी दाभण घेऊन कुणाच्या दारात उभी राहणार?

धाकटा अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला. "या रद्दीत मी आयुष्य घालवणार नाही," असं तो बाबांना म्हणाला. त्यावर बाबा त्याला जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. बापाने मुलाला बोलू नये असं ते होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी दोघांची जात. बाबांच्या आजारपणात एकाने बोलावलं नाही आणि दुसरा आला नाही. आला तो सगळं आटोपल्यावर. दारात उभा राहिला, शिकंज्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का गं?"

"नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. मी थोडं लागट बोलले हेही खरं. दोन वर्षं त्यांची कूस मी बदलली होती आणि विचारायला हा आला होता.

तरी तो म्हणाला, "जागा तुझीच आहे. कागद पाठव, ना हरकत लिहून देतो."

मृत्युपत्र बाबांच्या कपाटात होतं. कोपऱ्यात टोचलेली टाचणी गंजलेली. पानं मागेपुढे सरकलेली. असे कागद साहेबासमोर ठेवायचे? बांधणीवाल्याच्या घरून? माझा हात शिवशिवला. टाचणी काढली, पानं ठोकून सारखी केली, दाभणाने पाच भोकं पाडली आणि दोऱ्याने शिवली. शिवणीवर, म्हणजे पाठीवर, खळ लावून कागदाची पट्टी बसवली, तिच्यावर निळं कापड. रात्रभर वजनाखाली ठेवलं. सकाळी ते इतकं देखणं दिसत होतं की बाबांना दाखवावंसं वाटलं.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

प्रोबेटच्या खिडकीवर एक कारकूनबाई होत्या. चष्म्यावर आणखी एक भिंग धरून त्या प्रत्येक पान बघत. अर्ज पाहिला, मृत्यूचा दाखला पाहिला, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं पाहिली. मग मृत्युपत्र हातात घेतलं आणि भिंग कोपऱ्यावर थांबलं.

"ही दोन भोकं कसली?"

"टाचणीची."

"टाचणी कुठाय?"

"काढली. गंजली होती."

"त्या टाचणीने या तीन पानांना आणखी काही जोडलेलं होतं?"

माझ्या शेजारी वकीलबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पायावर पाय ठेवला. पण त्यांनी विचारताक्षणीच मला आठवलं होतं. शेवटच्या पानाच्या मागे एक अरुंद चिठ्ठी होती, पालथी. तिचं मला काही वाटलं नाही, कारण आमच्या कारखान्याची ती रीतच. टाचणी टोचायची तर तिच्याखाली रद्दीची चिठ्ठी घालायची, म्हणजे गंज चांगल्या पानाला लागत नाही. बाबांनीच शिकवलेलं.

"एक चिठ्ठी होती," मी म्हणाले. "रद्दीची."

"त्यावर काय लिहिलं होतं?"

"मी उलटून बघितली नाही."

"आता कुठे आहे?"

मी बोटाने निळ्या कापडाकडे दाखवलं. "इथेच. पाठीला लावलीय."

कारकूनबाईंनी मृत्युपत्र खाली ठेवलं, आपल्या बाजूला सरकवलं, आणि मला म्हणाल्या, "आता याला हात लावायचा नाही."

बाहेर आल्यावर वकीलबाई तडकल्या. "फेकून दिली म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? मृत्युपत्र रद्द करणारी चिठ्ठी असली म्हणजे?"

"माझ्या हातची पाठ आहे ती. तिच्यात काय आहे ते मला ठाऊक असतं."

"ठाऊक कुठे होतं?" त्या म्हणाल्या.

वारस म्हणून धाकट्यालाही नोटीस गेली. त्याचा फोन आला तेव्हा आवाज ओळखू येईना. "काही बोलले नाहीत म्हणालीस ना? आणि चिठ्ठी चिकटवून टाकलीस?"

"मी वाचली नाही रे."

"बाबांच्या हातचा कागद न वाचता तू खळ लावलीस, हे मी मानू?" तो म्हणाला. "आधी चिठ्ठी उघडू दे. मग बघू ना हरकत."

मी रागावले, ओरडले, फोन ठेवला. मग खाली बसले. कुणीही मानणार नाही हे मलाच कळत होतं. रोज शंभर कागद हाताखालून जातात, त्यातला एकही आम्ही वाचत नाही. वाचत बसलं तर काम कधी होणार?

दोन महिन्यांनी तारीख मिळाली. न्यायाधीशांच्या टेबलावर स्वच्छ पांढरा कागद अंथरला होता, त्यावर मृत्युपत्र. न्यायालयाच्या दप्तरात बांधणीवाल्याचं पद कित्येक वर्षं भरलेलंच नव्हतं. आता उघडायचं कुणी? माझं नाव कुणी घेईना. मी तर लाभार्थी.

"तिलाच करू द्या," धाकटा म्हणाला. टेबलाच्या पलीकडे तो उभा होता, माझ्याकडे न बघता. "तिच्याइतकं कुणाला जमणार नाही."

त्याचं म्हणणं लिहून घेतलं, त्यावर त्याची सही घेतली, आणि मला पुढे बोलावलं.

ओलं केलं तर चिठ्ठी मिनिटात सुटली असती. पण बाबा शाईच्या पेनाने लिहीत. मी हाडाची पट्टी घेतली आणि कोरडंच सोडवायला लागले, केसाकेसाने. कापड निघालं. खाली चिठ्ठी दिसली. मनात आलं, अंगठा जरा जोरात पडला तर चिठ्ठीचा भुगा होईल, आणि तो अपघातच ठरेल. जागा वाचेल. हे मनात आलं, ते लपवत नाही. सगळे माझ्या हाताकडे बघत होते, आणि धाकटा माझ्या तोंडाकडे.

तासाभराने चिठ्ठी अख्खी सुटली. मी ती उलटी केली.

अक्षर बाबांचंच होतं. सुरुवात स्वच्छ होती: "छोट्या, त्या दिवशी मी तुला जे बोललो ते". त्याच्या पुढे निळा डाग. शेवटपर्यंत डाग. तिथे खळ जाड लागली होती, कारण पाठीचा शेवट सुटू नये म्हणून तिथे आम्ही दोनदा हात फिरवतो. शाई खळीत विरघळली होती.

कारकूनबाईंनी भिंग धरलं, दिव्याखाली धरलं, उजेडासमोर धरलं. मग लिहिलं: पुढील मजकूर वाचता येत नाही. सही नाही, साक्ष नाही. मृत्युपत्राचा भाग नाही.

मी जिंकले होते. वकीलबाईंनी माझा हात दाबला.

"ते काय, ताई?" धाकट्याने विचारलं. "जे बोललो ते, काय?"

"ते मनावर घेऊ नकोस," मी घाईने म्हणाले. "असंच लिहिलं असणार."

"की ते अजून खरं आहे, असं?"

बाबांना आम्ही दोघेही ओळखत होतो. दोन्ही शक्य होतं.

त्याने ना हरकतीवर तिथेच सही केली. मग कारकूनबाईंना विचारलं, "ही चिठ्ठी मी नेऊ?"

"आता ती दप्तरात राहणार. नक्कल मिळेल."

त्याने नकलेचा अर्ज भरला. आणि तो निघाला. जिन्यावर मी त्याला "छोट्या" म्हणून हाक मारली. तो वळला आणि म्हणाला, "ते नाव तू नको घेऊस, ताई." मग उतरून गेला.

प्रोबेट हातात आलं तेव्हा हिवाळा संपत होता. जागा माझी झाली. बाबांनी मला कारखाना दिला होता आणि त्याला एक ओळ. माझं मला मिळालं. त्याचं मी पुसलं. बाबांनी अकरा वर्षांत त्याला लिहिलेलं तेवढंच होतं, आणि ते मी नीटनेटकेपणाच्या नादात पुसलं.

आता पाठीला लावायच्या आधी प्रत्येक चिठ्ठी मी उलटून वाचते. काम मागे पडतं, गिऱ्हाइकं कुरकुरतात.

प्रोबेटचे कागद कपाटात आहेत. न्यायालयाने ते कोपऱ्यात टाचणीने टोचून दिले आहेत, तिरके, एकही कड जुळत नाही. टाचणी गंजायला लागली आहे. मी हात लावलेला नाही.