आईची खोली काढावी

मराठीतल्या 'काढणे' या क्रियापदाला कोणीतरी वेळीच आवर घालायला हवा होता. आपण चित्र काढतो आणि दातही काढतो. फोटो काढतो, कर्ज काढतो, कसेबसे दिवस काढतो, दुसऱ्याची खोड काढतो आणि वेळ आली तर त्याला घरातूनही काढतो. मी डहाणूच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मला हे पाठ आहे. माझ्या नवऱ्याला नव्हतं, आणि त्यापायी नरपडच्या एका बाईच्या डोक्यावरचं छप्पर गेलं.

ब्याण्णव सालची, दिवाळीनंतरची गोष्ट. आमचे हे, म्हणजे दशरथ, तलासरीला एका खाजगी इंजिनियरच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. दिवसभर कचेरीत नकाशे आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा नकाशेच. आमच्या जेवणाच्या टेबलावर मी कधी जेवले असेन तर आठवत नाही. तिथे ट्रेसिंग पेपर पसरलेला असायचा आणि आम्ही दोघं ताटं घेऊन खाली. यांचा हात मात्र सोन्यासारखा. रेषा एकदा ओढली की ओढली. शब्दांचं म्हणाल तर लग्नाआधी मला लिहिलेल्या पत्रात यांनी 'आपली प्रकृती मजबूत असावी' असं लिहिलं होतं.

मालूमावशी आमच्याकडे मासळी द्यायची. नरपडहून डोक्यावर टोपली घेऊन यायची, पायरीवर बसायची आणि पापलेटाच्या आधी गावच्या बातम्या विकायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. थोरला मोतीराम होडी चालवायचा, धाकटा नयन रेल्वेत नोकरीला. दोघांचे संसार जुन्या कौलारू घरात मावेनासे झाले, तेव्हा दोघांनी त्याच जागेवर नवीन घरं बांधायची ठरवली. मोतीरामने उत्तरेला, नयनने दक्षिणेला. मोतीरामचा नकाशा यांनी केला, नयनने आपला दुसऱ्याच कोणाकडून करून घेतला. भावाभावांत भांडण नव्हतं. फक्त एकाने केलेलं दुसऱ्याला विचारायचं नाही, एवढीच पद्धत होती.

मंजुरीला गेले तेव्हा उत्तर मिळालं की जागा एक, तर नकाशाही एकच आणा. दोघे गुंडाळ्या घेऊन आमच्या दारात.

"साहेब, दोन्ही जोडून द्या. काही नाय, नुसतं जोडायचं," मोतीराम म्हणाला.

नुसतं जोडायचं! लग्नही नुसतं जोडायचंच असतं.

यांनी दोन्ही नकाशे एकमेकांवर बसवले आणि वर कोरा ट्रेसिंग पेपर टाकला. आता यातली गोम सांगते. घर बांधताना आधी काय आणि नंतर काय, याचे टप्पे असतात. मोतीरामच्या नकाशात आधी नवीन घर उभं राहायचं, सगळ्यांनी तिकडे राहायला जायचं आणि मग जुनं पाडून तिथे जिना घ्यायचा. नयनच्या नकाशात जुनं घर पहिल्याच फटक्यात पडायचं आणि त्याच जागी त्याची बैठकीची खोली. वेगवेगळे ठेवले तर दोन्ही शहाणे नकाशे. यांनी ते एका शाईत, एका कागदावर उतरवले आणि आधी-नंतर सगळं नाहीसं झालं. जिथे मावशीची चूल पेटत होती, तिथूनच जिना वर जात होता, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर नयनचा सोफा होता.

"रंग द्या की," मी म्हटलं. "पाडायचं ते पिवळं आणि नवीन ते लाल, असं तुम्हीच सांगता ना?"

"रंग प्रिंटवर देतात. ट्रेसिंगवरून अमोनियाची प्रिंट निघते ती सगळी निळी. प्रत्येक प्रिंट हातानं रंगवायची तर ऑफिसात मी रंगपंचमीच करत बसू का?"

मग यांनी सोपा मार्ग धरला. दोन्ही भावांना जुनं घर पाडायचंच होतं, तर ते ट्रेसिंगवर ठेवायचंच कशाला? ब्लेड घेतलं आणि जुन्या घराची शाई खरवडून टाकली. एका संध्याकाळी अख्खं घर गेलं. मी भुकटी पुसली.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. टेबलावर नकाशा बघून टोपली तशीच उंबऱ्याशी ठेवली आणि आत आली.

"माजी खोली दाखवा बगू."

यांनी चष्मा पुसला. मोतीरामचा मूळ नकाशा उघडला. त्यात 'आईची खोली' होती, पण नयनच्या बाजूला, टिंबाटिंबांच्या रेषेत. म्हणजे ती नयन बांधेल. नयनचा नकाशा उघडला. त्यातही 'आईची खोली' होती, तीसुद्धा टिंबाटिंबांचीच आणि मोतीरामच्या बाजूला. दोन्ही जोडल्यावर मावशी एका नकाशाप्रमाणे नयनच्या स्कूटरखाली झोपत होती आणि दुसऱ्याप्रमाणे मोतीरामच्या जाळ्यांत.

"ही टिंबं म्हंजे काय?" मावशीने विचारलं.

"म्हणजे... दुसऱ्यानं बांधायची," हे म्हणाले.

"आनि दुसरा कोन?"

यांनी विषय बदलून तिला बांधकामात आधी काय आणि नंतर काय, ते टप्पेच समजावले. मावशी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "बाई, मला काय बंगला नको. एक खोली आनि तिला आपला दरवाजा. पहाटे बोंबील वाळत घालायला उठते तवा कुनाची झोप मोडायची नाय नि कुनाला विचारायचं नाय. ती हाय तीच खोली बरी हाय मला. टिंबांत कशी राऊ मी?"

ती हसली आणि मासळी न देताच टोपली उचलून गेली. माझं डोकं फिरलं. संध्याकाळी दोन्ही चिरंजीवांना बोलावून घेतलं.

दोघे आले ते अगदी नम्र. नयन म्हणाला, "आये दादाकडेच राहील. थोरल्याचा मान असतो, मी कसा हिरावून घेऊ?" मोतीराम म्हणाला, "धाकट्यात जीव असतो आईचा. मी तोडू काय तिला?" एवढा त्याग मी रामायणाबाहेर पाहिला नव्हता. दोघं जण आईला एकमेकांना बहाल करत होते आणि आई कोणाच्याच घरात जात नव्हती.

"मान आणि जीव राहू द्या बाजूला," मी ओरडले. "तुमची आई मागच्या खोलीत राहते ना? ती खोली आहे तिथे राहील. जिना मागे सरकवा, सोफा बाजूला घ्या. उरलेलं घर पाडा, नाहीतर नाचा. ती खोली पडली तर मी तुमच्या दोघांच्या दारात येऊन बसेन, आणि मी बसले की उठत नाही. विचारा यांना."

यांनी मान डोलावली. दोघे वरमले, हो म्हणाले आणि चहा न घेता गेले.

यांनी जिना आणि सोफा खरवडून बाजूला घेतले आणि खोलीपुरता चौकोन कोरा केला. आता खोली नकाशात परत आणायची होती. रात्रीच्या जेवणाची वेळ झालेली, शाईचं पेन तुंबलेलं. विसरायला नको म्हणून यांनी त्या कोऱ्या चौकोनात पेन्सिलीने स्वतःसाठी लिहून ठेवलं: आईची खोली काढावी.

मी वाचलं. "अहो, हे 'काढावी' काय? 'दाखवावी' लिहा. नाहीतर 'ठेवावी' तरी."

"अगं, मी काढणार आहे ना? मग काढावी."

"वाचणाऱ्याला काय वाटेल?"

"वाचणारा मीच आहे. प्रत्येक ठिकाणी शाळा भरवू नकोस, अहिल्या."

मी गप्प बसले. बायकोनं गप्प बसण्यासारखी वाईट सवय नाही.

दुसऱ्या दिवशी हे ते ट्रेसिंग घेऊन तलासरीला गेले. खोली शाईने भरायच्या आधी एक तपासणीची प्रिंट मारून घे, असं शिपायाला सांगून डबा खायला बसले. नेमका त्याच वेळी नयन कचेरीत आला. सुट्टी संपत आली होती आणि मिस्त्री ठरला होता, म्हणून त्याला घाई. शिपायानं ताजी प्रिंट हातात दिली आणि नयनने ती न उलगडताच मिस्त्रीला नेऊन दिली. यांचं जेवण होऊन वर बडीशेप खाऊन होईपर्यंत नकाशा नरपडच्या वाटेला लागला होता. यांना वाटलं, नुसता बघायला नेला असेल.

रविवारी सकाळी मावशीच्या जागी तिची शेजारीण भिकी टोपली घेऊन आली.

"मावशी कुठाय गं?"

"ती नाय यायची आज. तिच्या खोलीची कवलं उतरवतात."

मी यांच्याकडे बघितलं. यांचा चेहरा ट्रेसिंग पेपरसारखा झाला. आम्ही लुनावर बसलो. नरपडपर्यंतच्या रस्त्यात मी एक शब्द बोलले नाही, आणि यांना त्याचीच जास्त भीती वाटत होती.

चिकूच्या वाड्या संपून घर दिसायला लागलं. पुढचं घर उभं होतं, ओटी उभी होती, स्वयंपाकघर उभं होतं. जे पाडायचं ते सगळं ठणठणीत, आणि जी ठेवायची त्या एकाच खोलीचं अर्धं छप्पर गेलेलं. कौलांची चळत अंगणात रचलेली. आत मावशी खाटेवर बसली होती आणि तिच्या डोक्यावर नुसतं आभाळ. ती उठायला तयार नव्हती, म्हणून बाकीची कौलं तशीच राहिली होती.

मला रडूही आलं आणि संतापही आला. संतापाला मी आधी वाट दिली.

"मिस्त्री! कोणी सांगितलं तुम्हाला?"

मिस्त्री उंबरगावकडचा गुजराती, सभ्य माणूस. वर वाशावर बसूनच त्यानं नमस्कार केला आणि खिशातून प्रिंट काढली. "बेन, आमां चोख्खुं लखेलुं छे. काढावी. ते काढून राहिलो आहे."

"अहो, काढावी म्हणजे काढावी!" हे खालून ओरडले.

"हा साहेब, तेज तो करूं छूं."

"तशी काढावी नव्हे! पेनानं काढावी!"

मिस्त्रीनं हातातल्या पहारीकडे पाहिलं. पेनानं भिंत कशी पाडतात, हा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. मी मध्ये पडले. अंगणात उभं राहून मी त्याला सांगितलं की बाबा, मराठीत चित्रही काढतात. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अमारामां तो चित्र दोरे. काढे एटले बहार." म्हणजे त्यांच्यात चित्र 'दोरतात', आणि 'काढणं' म्हणजे फक्त बाहेर काढणं. मला त्याचा हेवा वाटला. शेजारी एवढे शहाणे असून आपण त्यांच्याकडून एक क्रियापद उसनं घेतलं नाही.

तेवढ्यात मोतीराम बंदरावरून धावत आला आणि मागून नयन. छप्पर बघून दोघांची बोबडीच वळली. नयन म्हणाला, "आये, आता काय, उतरलंच आहे अर्धं. थोडे दिवस दादाकडे..." मोतीराम म्हणाला, "का? नकाशा तू आणलास. तुझ्याकडे..." आणि पुन्हा तोच त्याग सुरू झाला.

मावशी खाटेवरून उठली. दारात येऊन उभी राहिली.

"पोरांनू, गप. बाई, तुमचे साहेब सांगत होते, बांदकामात पैलं काय, नंतर काय, ते लिवायला लागतं. ते या कागदावर नाय म्हनून हा घोळ. खरं ना?"

"खरं," हे अगदी हळू आवाजात म्हणाले.

"मंग लिवा. पैली माजी खोली. तिच्यावर कवलं चढल्याबिगर कुनाचा पाया खनायचा नाय. दुसरं मोतीरामचं घर. तिसरं नयनचं." तिनं दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमी जन्माला आलात तवाबी असंच होतं. आदी मी होते. मंग तू. मंग तू."

नयनने मान खाली घातली. मोतीरामने डोळे पुसले आणि घाम आल्यासारखं दाखवलं. यांनी प्रिंट भिंतीला टेकवली, खिशातली पेन्सिल काढली आणि मावशीने सांगितलं त्याच क्रमाने आकडे घातले. पहिल्या आकड्यापुढे शब्द कोणता लिहायचा म्हणून माझ्याकडे बघितलं. मी 'ठेवावी' म्हटलं, आणि यांनी तो शब्द मुकाट्याने लिहिला.

मिस्त्रीनं आपली माणसं पुन्हा वर चढवली. मोतीराम आणि नयन एकेक कौल खालून वर देऊ लागले, आणि मावशी कमरेवर हात ठेवून कोणाच्या हातून किती फुटतात ते बघत उभी राहिली.