गार रेडिएटर आणि मावशींची तोंडी परीक्षा

उपकेंद्रातल्या सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मावशींना ट्रान्सफॉर्मर कळतो, पण ट्रान्सफॉर्मरबद्दल बोलता येत नाही. बावीस वर्षं त्या यार्डात दर तासाला फेरी मारत आल्या होत्या. तेलाची पातळी, तापमानाचा काटा, गुणगुणण्यातला बारीकसा फरक, सगळं त्यांना चालता चालता समजायचं. पण समोर टेबल आलं आणि टेबलामागे साहेब आले, की बाईंची दातखीळ बसलीच म्हणून समजा. यार्डाच्या प्रभारी होण्यासाठी तोंडी परीक्षा असते, तीत त्या दोनदा नापास झाल्या होत्या. आता तिसरी संधी, तीच शेवटची. ही गेली की नियमाप्रमाणे यार्ड सुटणार आणि मुख्य कार्यालयात फायलींना दोरे बांधत निवृत्तीची वाट बघायची. ज्या बाईला खुर्चीत दहा मिनिटं बसवत नाही, तिला म्हणे फायली!

मावशींचे यजमान शिंपी. त्यांचा विजेशी संबंध म्हणजे शिलाई मशीनचं बटण, बस्स. पण बायकोचा अभ्यास घेता घेता गड्याला सगळी वही पाठ झाली होती. परीक्षेच्या दिवशी सकाळीसुद्धा ते कापडावर खडूने रेघ ओढत होते आणि प्रश्न विचारत होते.

"पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि वितरण ट्रान्सफॉर्मर, फरक सांग," तोंडात टाचण्या धरून त्यांनी विचारलं.

"अहो, आधी त्या टाचण्या काढा. एखादी गिळाल."

"विषय बदलू नकोस."

"पॉवरवाला मोठा. आमच्या उपकेंद्रात असतो तो. लांबून आलेल्या विजेचा दाब खाली आणतो. वितरणवाला खांबावरचा, तिथून वीज घरात. आणि वीज तयार होते तिथे उलटं, दाब चढवायचा."

"कोरडा?"

"ज्यात तेलच नाही तो. इमारतीच्या आत बसवतात, आगीची भीती कमी."

"क्षमता केव्हीएमध्ये का लिहितात? किलोवॉटमध्ये का नाही?"

इथे मावशी अडकल्या. नेहमी इथेच अडकायच्या.

"अगं, किती वेळा सांगू!" शिंपीबुवांनी टाचण्या काढून हातात घेतल्या. "ट्रान्सफॉर्मर तापतो तो दाबाने आणि प्रवाहाने. पलीकडचा माणूस त्या विजेचं काय करतो, याच्याशी त्याला काय देणंघेणं? माझंच बघ. मी कोट शिवून दिला. आता तो घालून तू समारंभाला जा, नाहीतर भांडायला जा, शिलाई तेवढीच."

मावशींना हसू आवरेना. मग त्यांनी थंड करायच्या पद्धती घडाघडा म्हणून दाखवल्या. ओनान म्हणजे तेलही आपोआप फिरतं आणि हवाही आपोआप लागते. ओनाफ म्हणजे तेल आपोआप, पण हवा पंख्याने. ओफाफ म्हणजे तेलाला पंप आणि हवेला पंखा.

"येतंय की तुला सगळं!"

"तुमच्यासमोर येतंय हो. तुमच्यासमोर मी कधी गप्प बसलेय?"

शिंपीबुवांनी टाचण्या परत तोंडात धरल्या.

दुपारी परीक्षा सुरू झाली. बाहेरून आलेले साहेब उंच, कडक इस्त्रीचे, आणि प्रश्न विचारून झाला की पेनाचं टोपण टकटक वाजवायची त्यांना सवय. पहिल्या प्रश्नाला मावशींनी नुसतंच "हो साहेब" म्हटलं. दुसऱ्याला त्यांनी ओनान आणि ओनाफची अदलाबदल केली. तिसरा प्रश्न आला तो नेमका केव्हीएचा. आणि मावशींच्या तोंडून काय निघावं?

"कारण, साहेब, कोट घालून कोणी भांडायलाही जातं."

टकटक थांबली. मावशींना वाटलं, धरणीने आत्ता पोटात घेतलं तर बरं.

"बाई, तुमचे इथले शेरे चांगले आहेत म्हणून विचारतो," साहेब म्हणाले. "यार्डात गेलो तर बोलाल का?"

"प्रयत्न करते," मावशी म्हणाल्या. खरं तर त्यांना रडू येत होतं.

यार्डात ट्रान्सफॉर्मर उन्हात उभा होता. दोन्ही अंगांना चार चार रेडिएटर, त्यातून तेल फिरून गार व्हायचं. पंखे सुरू होते. साहेबांनी नावाच्या पाटीवर बोट ठेवलं. वीस एमव्हीए ओनान, पंचवीस एमव्हीए ओनाफ. म्हणजे पंख्यांशिवाय वीस, पंख्यांसकट पंचवीस, आणि एक एमव्हीए म्हणजे हजार केव्हीए. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शेजारच्या उपकेंद्रात बिघाड झाला होता आणि तिथला सहा एमव्हीए भार इकडे घेता येईल का, असं नियंत्रण कक्ष विचारत होता.

"हाच तुमचा प्रश्न," साहेब म्हणाले. "आत्ता भार एकोणीस. पंखे चालू आहेत. सहा घेऊ? पटकन सांगा, लोक थांबलेत."

एकोणीस आणि सहा पंचवीस. पोरसुद्धा सांगेल. पण मावशी उत्तर न देता रेडिएटरपाशी गेल्या आणि एकेकावर तळहात ठेवत चालू लागल्या. पहिला गरम, दुसरा गरम, तिसरा गरम. साहेबांचं टोपण पुन्हा वाजू लागलं. मावशींना ते ऐकूही आलं नाही. सातव्यापाशी त्या थबकल्या, हात उचलला, आठव्यावर ठेवून पाहिला, तो गरम, आणि परत सातव्यावर टेकवला.

"हा गार आहे," त्या म्हणाल्या.

"मग चांगलंच आहे की. पंखा काम करतोय."

"काय चांगलं, साहेब! बाकीचे सात पोळतायत आणि हा एकटा गार, म्हणजे याच्यात तेल फिरतच नाहीये. पंखा फुकट वारा घालतोय. हा काल बदललाय, जुना गळत होता म्हणून. अरे ए फिटर, इकडे ये! वरचा व्हॉल्व्ह उघडलास का काल?"

फिटर आला, वर बघितलं आणि त्याने कपाळाला हात लावला. "खालचा उघडला, मावशी. वरचा उघडणार तेवढ्यात दिवे बदलणाऱ्यांनी शिडी नेली. मग... राहिलाच."

"शाबास! शिडी गेली आणि तुझी अक्कलही तिच्याबरोबर गेली!"

"असू दे, उघड आता," साहेब म्हणाले. शिडी जवळच होती. फिटर चढणार म्हणेपर्यंत साहेबच दोन पायऱ्या चढले आणि त्यांनी व्हॉल्व्हच्या मुठीला हात घातला.

"हात काढा!"

साऱ्या यार्डाने ऐकलं. मावशींनी शिडीवर पाय देऊन साहेबांचं मनगट धरलं होतं, चांगलं घट्ट.

"आत हवा अडकलीय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तुम्ही उघडलंत की ती हवा तेलाबरोबर वर जाणार, ट्रान्सफॉर्मरवर पहारा करणाऱ्या रिलेला वाटणार आतच काहीतरी फुटलंय, आणि अख्खा ट्रान्सफॉर्मर बंद पडणार. शेजारचा आधीच गेलाय, हाही गेला तर अर्धं शहर अंधारात. आधी परवाना घ्यायचा, भार सरकवायचा, वरचं बूच सैल करून हवा काढायची, तेल नीट भरलं की मग व्हॉल्व्ह. उतरा खाली."

साहेब उतरले. मावशींनी आपल्या मुठीकडे पाहिलं, मुठीतल्या साहेबांच्या मनगटाकडे पाहिलं आणि झटकन हात सोडला. झालं, संपलं! परीक्षकाला कोणी असं दटावतं का?

फोन चालूच होता. "काय सांगू त्यांना?" साहेबांनी हळूच विचारलं.

"नाही म्हणून सांगा. पाटीवरचे पंचवीस आठ रेडिएटरचे आहेत, इथे चालतायत सात. आजचा नेमका आकडा मी छातीठोक सांगणार नाही. पण वीसच्या वर जाऊ देणार नाही, आणि तेही काट्यावर डोळा ठेवून. हे दुरुस्त झालं की मग मागा, आनंदाने देऊ."

साहेबांनी शब्दन् शब्द तसाच फोनवर सांगितला. पलीकडच्याने दुसऱ्या उपकेंद्राला विचारतो म्हणून फोन ठेवला.

मग साहेबांनी नोंदवही मागवली. भारमर्यादेची नोंद मावशींनी स्वतः लिहिली. तारीख, वेळ, सातवा रेडिएटर बंद, वीसच्या वर नेऊ नये. लिहून झाल्यावर त्यांनी वही सवयीने पुढे केली, कारण अशा नोंदीखाली प्रभारीची सही लागते आणि ती आजवर दुसऱ्याच कोणाची तरी असायची.

साहेबांनी वही घेतली नाही. त्यांनी टोपण काढून आपलं पेनच मावशींच्या हातात दिलं.

"सही करा."

"मी? साहेब, तो रकाना प्रभारीचा आहे."

"मला वाचता येतं, बाई," साहेब मनगट चोळत म्हणाले. "करा."