मेंबरच्या पोरी

सन १९३१. मी दहा वर्षांची होते आणि माझी धाकटी बहीण मैना सात वर्षांची. आदल्या वर्षी आमचे बाबा तालुका लोकल बोर्डावर निवडून आले होते, आणि पहिलं काम त्यांनी केलं ते आम्हा दोघींची नावं शाळेत घालण्याचं. गावात तोवर एकही मुलगी शाळेत जात नव्हती. बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, "मेंबरच्या पोरी गो, आता साहेबीणच होनार!" आई ऐकून घ्यायची. तिला आतून बरंच वाटत असावं.

पोलादपूरहून दोन तास चढलं की आमचं गाव. शाळेला स्वतःची इमारत नव्हती. गोमाजीशेठ म्हणून हिरड्याचे व्यापारी होते. आमच्या डोंगरातला सगळा हिरडा तेच घेत आणि महाडला पाठवत. त्यांची एक जुनी वखार गावाच्या वरच्या अंगाला होती. मातीच्या भिंती, वर नळीच्या कौलांचं छप्पर. त्यांनी पोलादपुरात मोठी वखार बांधली, तेव्हा ही बोर्डाला शाळेसाठी भाड्याने दिली. खाली बसलं की परकराला हिरड्याचा काळा डाग पडे, तो धुऊनही जात नसे.

बाबांच्या निवडणुकीचा सगळा खर्च गोमाजीशेठनी केला. मत तेव्हा शेतसारा भरणाऱ्या खातेदारांनाच असे. त्यातले म्हातारे डोंगर उतरायचे कसे? शेठनी डोल्या केल्या, भोई लावले, खाली पोलादपुरात जेवणावळ घातली. बाबांना त्यांनी एक कागदसुद्धा लिहून मागितला नाही. मतदानाच्या महिनाभर आधी त्यांनी आमच्या गावदेवीला, काळकाईला, रुप्याचा मुखवटा वाहिला. त्याच दिवशी देवळात, सगळ्या गावकीसमोर, ते हसत म्हणाले, "येसाजीराव, आपल्यात लिहिणं कशाला? आईसमोर एवढं बोला, की बोर्डात असेपर्यंत शाळा माझ्या वखारीतून हलू देणार नाही."

बाबांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली. लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळा तिथे होतीच की.

पुढच्या आषाढात वखारीच्या वरच्या भिंतीला पोट सुटलं. डोंगराचं पाणी मागून भिंतीत मुरत होतं. आमचे महिपत मास्तर महाडचे, सडपातळ, घशात सतत खोकला. त्यांनी भिंतीपासून वीतभर अंतरावर जमिनीवर खडूची रेघ मारली. चौथ्या दिवशी भिंत रेघेवर आली होती. मास्तरांनी फळा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि म्हणाले, "पाट्या उचला. आजपासून शाळा देवळात."

देवळाच्या मंडपात सहा दिवस आम्ही शिकलो. सातव्या दिवशी गोमाजीशेठ छत्री घेऊन घरी आले. शाळाखात्याचा दिपोटी, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, येत्या गुरुवारी तपासणीला येणार होता.

"मेंबर, दिपोटीनं वखार रिकामी पाहिली तर भाडं बंद. नव्या इमारतीचं टुमणं मास्तर लावणारच. मग तुमच्या शब्दाचं काय?"

"शेट, भित बगितलीव काय तुमी?"

"चाळीस वर्षं उभी आहे. पावसानंतर लिंपून देतो. मी काय लिहून घेतलंय तुमच्याकडून? आईनं ऐकलंय, एवढंच."

शेठ गेल्यावर बाबा पांडू गुरवाकडे गेले आणि शपथेतून सुटका मागण्यासाठी देवीला कौल लावला. मी त्यांच्यामागून गेले होते. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर मोकळीक, डावी पडली तर नाही. हवाच इतकी ओली होती की एकही पाकळी हलेना. आम्ही दुपार होईपर्यंत बसलो. शेवटी गुरव उठला.

"आई बोलत नाय, येसाजीराव. बोलत नाय म्हंजे आदीचं हाय तेच कायम."

घरी आईने ऐकलं आणि हातातला पळा चुलीच्या वैलावर आपटला. "बोलंल कशी? तिच्या तोंडाव शेटचा मुखवटा बसवलाव ना!"

"साळू, तोंड सांबाळ."

"माजंच सांबाळू? तुमी उचललाव बेलभंडार, पोरींनी कशापायी निस्तरायचा?"

तेवढ्यात मास्तर आले. दारातच उभे राहिले, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. "येसाजीराव, मी सगळं ऐकलंय. तुमची शपथ 'बोर्डात असेपर्यंत' अशी आहे ना? मग राजीनामा द्या. अर्ज मी लिहून देतो, उद्या महाडला बोर्डाकडे माणूस पाठवू. शपथ मोडणार नाही आणि मुलंही आत जाणार नाहीत."

 इतकं सोपं होतं ते. मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. ते सुटल्यासारखे दिसतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. त्यांनी मान वळवली.

"मास्तर, मग बोर्डात या गावाचं कोन बगनार? सडक व्हायची हाय, विहीर व्हायची हाय. खुर्ची सोडून कसं चालंल?"

"सडक मुलांसाठीच ना करणार?"

"एक दिवसाचा तर सवाल हाय. दिपोटी येतो नि जातो."

"मी मुलांना आत नेणार नाही."

"मग मी नेतो. आनि दिपोटीला सांगतो, मास्तर बोर्डाचा हुकूम मानत नाय."

मास्तरांना घरी चार मुलं होती, आणि नोकरी बोर्डाची. ते पावसात निघून गेले. आई म्हणाली, "शेटनं काय इकत घेतलंन ते आज मला कळलं." 

गुरुवारी सकाळी गावकरी पोरांना धाडायला तयार नव्हते. तेव्हा बाबांनी मला आणि मैनाला हाताला धरून वखारीत नेलं आणि सगळ्यांच्या देखत त्या भिंतीला टेकवून बसवलं.

"बगा. माज्या पोरी हितं बसल्यात. तुमच्या पोरांना काय व्हनार हाय? शब्द आईसमोर दिलाय, आई राखंल."

मग लोक लाजले. एकेक करून तेवीस मुलं आत आली, तेव्हा बाबा शेतावर गेले. मास्तर पांढरे पडले होते, तरी त्यांनी जेवढी जमतील तेवढी दारापाशी बसवली. आम्हाला मात्र उठवायचा त्यांना धीर झाला नाही, मेंबरच्या पोरी. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. "प्रयाग, दिपोटीसाहेब चढणीला लागले का, बघून ये." आज मला वाटतं, मला तरी तिथून उठवायला त्यांनी ते काम काढलं होतं. मैना म्हणाली, "मी पन येतो गो." मी म्हटलं, "बस हितंच, एकीलाच सांगितलंय."

खालच्या वळणावर मला काळी छत्री दिसली. मी ओरडायला मागे वळले, तेव्हा वखारीचं छप्पर एका बाजूने खाली बसत होतं. आवाज फार मोठा नव्हता. ओली माती घसरते तेवढाच.

मास्तरांनी हातांनी माती उपसली. बाबा शेतातून धावत आले. मैना आणि तिच्या शेजारी बसलेला चांगू सर्वांत शेवटी सापडले. चांगू जिवंत होता, पाय चिरडला होता. मैना नव्हती. दिपोटी वर पोचला तेव्हा छत्री तशीच उघडी धरून उभा राहिला. त्याने अहवालात लिहिलं की अतिवृष्टीमुळे भिंत कोसळली.

चांगू एका पायाने पुढे पन्नास वर्षं जगला, पोलादपूरच्या नाक्यावर शिवणकाम करत. महिपत मास्तरांची बदली सव गावी झाली. मुलांना आत का बसू दिलं, याबद्दल चौकशी फक्त त्यांचीच झाली. गोमाजीशेठनी भिंत नव्याने बांधली आणि शाळा आणखी नऊ वर्षं तिथेच भरली, भाडं थोडं वाढवून. पुढच्या निवडणुकीत ते स्वतःच उभे राहिले आणि निवडून आले. पांडू गुरवाने कौल लावणं सोडलं नाही. लोकांनीही विचारणं सोडलं नाही.

बाबांनी मैनाच्या तेराव्यानंतर राजीनामा धाडला. त्यानंतर कोणी मेंबर म्हटलं की ते उठून जात. ते सत्तेचाळीस साली गेले.

आई त्या गुरुवारनंतर त्यांच्याशी थेट एक शब्दही बोलली नाही. "सांग तुज्या बापाला, पेज वाढलीय." "इचार तुज्या बापाला, बियाणं कंदी आनायचं." मी मधे उभी राहून दोन्हीकडचं सांगायची. तीन वर्षांनी माझं लग्न वीर गावी झालं, आणि मग त्या घरात सांगायला कोणी उरलं नाही.