माठावरचा दुपट्टा

"कु. माया धर्मपाल तायडे हिचा मृत्यू जन्मजात रक्तदोषामुळे झाला. मैदानावर पिण्याचे पाणी मुबलक होते. सदर रक्तदोषाची संस्थेस कल्पना नव्हती. सबब प्रशिक्षणात कोणतीही हयगय आढळून येत नाही."

अकोल्याबाहेर, बार्शीटाकळीच्या रस्त्यावर, पोलीस भरतीची तयारी करून घेणारी एक अकादमी होती. तिथे दौडीत कोसळलेल्या मुलीची चौकशी तिथल्याच संचालकांनी नेमलेल्या समितीने केली होती आणि समितीचा हा निष्कर्ष चौकशी संपण्याआधीच तयार होता. उणीव होती ती एका डॉक्टरच्या सहीची. ती सही सुभद्राबाई गावंडे यांची असावी, असे ठरले. अमरावतीत त्यांनी उभी हयात वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले होते, आता त्या निवृत्त होत्या, आणि निवृत्त माणूस मानाने बोलावल्यावर फारसे वाचत बसत नाही, अशी संचालकांची समजूत असावी.

सुभद्राबाई वाचत बसल्या.

पहिले वाक्य असत्य नव्हते. असत्य असते तर ते खोडून टाकता आले असते. ते अर्धे सत्य होते, आणि अर्ध्या सत्याची शस्त्रक्रिया करावी लागते. मायाच्या रक्तात सिकलसेलचा दोष होता, पण वाहकापुरता. आईबापांपैकी एकाकडून सदोष वारसा, दुसऱ्याकडून निरोगी. अशी माणसे वऱ्हाडात गावोगाव आहेत. ती निंदण करतात, लग्ने करतात, नातवंडे खेळवतात आणि म्हातारपणाने मरतात. त्यांच्या तांबड्या पेशी गोल असतात, गोलच राहतात. त्यांना विळ्यासारखे वाकवायचे असेल तर बेत करावा लागतो. स्नायूंना थांबू न देता राबवावे, अंग तापू द्यावे, आणि रक्तातले पाणी आटवावे. मग वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात.

हा बेत अकोल्याचे ऊन अर्ध्यावर आणूनच ठेवते. धावणारा स्नायू खाल्ल्या अन्नातली बरीचशी शक्ती उष्णतेतच उधळतो. ती उष्णता रक्त उचलते, कातडीपर्यंत आणते, आणि घाम तिला बाहेर काढतो. एप्रिलात हवाच अंगापेक्षा तापलेली असली की घामाखेरीज दुसरी वाट उरत नाही. घाम येतो रक्तातल्या पाण्यातून. एकाच रक्ताला कातडी बोलावते, स्नायूही बोलावतो, आणि हृदय दोघांच्या हाकांना धावता धावता थकते. वाहकाच्या मूत्रपिंडाला तर पाणी नीट राखून ठेवणेही जमत नाही. म्हणजे ज्याला समिती रक्तदोष म्हणत होती, त्या दोषाची शरीराकडे मागणी एकच होती. पाणी.

आणि पाणी मुबलक होते! सुभद्राबाईंना सगळ्यात जास्त खटकला तो हाच शब्द. मुबलक हे विशेषण पाण्याविषयी सांगते. ते कोणाच्या घशाखाली उतरले, याविषयी ते सोयीस्करपणे मुके राहते.

त्या प्रथम बार्शीटाकळीला, मायाच्या घरी गेल्या. मायाची आई मैना ओट्यावर तूर पाखडत बसली होती. सूप खाली ठेवून तिने खाट पुढे ओढली.

"बसा, बाई. तुमी बी रक्ताचंच इचाराले आल्या असान."

"तुमच्याशी बोलायला आले."

"बोला. आमची जाऊ तं बोलूनच राहिली. म्हणते, तुह्या माहेरच्या रक्तानं खाल्लं पोरगीले. धाकटीले पाहून गेलेल्या पाहुण्याईनं बी निरोप धाडला, पयले रक्त तपासा मंग बोलू." ती खाली मान घालून दाण्यांतला खडा शोधू लागली. "म्याच देल्लं ना ते रक्त, बाई?"

सुभद्राबाईंना खोटे सांत्वन करण्याची सवय नव्हती. "हो, तुमच्याचकडून गेलं. पण त्याच रक्तावर तुम्ही आजवर कापूस वेचलात ना? भर उन्हात?"

"वेचला ना. न वेचून सांगता कोनाले?"

"मग तहान लागली की काय करत होतात?"

"पाणी पेतो, अन् काय करतो!" इतक्या शिकलेल्या बाईने असे विचारावे, याचे मैनाला त्या दुःखातही नवल वाटले.

"म्हणून तुम्ही जिवंत आहात, मैनाताई. रक्त दोघींचं एकच होतं."

मैनाने सापडलेला खडा ओट्याखाली फेकला. मग म्हणाली, "म्या सांगतलं होतं दौडीच्या सरले. पयल्याच दिवशी, फाटकापाशी. पोरगीचं रक्त असं असं हाये, तिले पाणी जास्त लागते, सर. थे समितीवाले म्हणते, तुह्यापाशी पुरावा काय? आता सारे तेच म्हणते. रोज इचारून इचारून मले बी उमगेनासं झालं, बाई. खरंच सांगतलं का मनातल्या मनात म्हटलं?"

मुलगी गेली होतीच. आता समितीने आईची आठवणही हिरावून नेली होती. त्या क्षणी सुभद्राबाईंचा संताप गोठून कठीण झाला. आता मैनाने सांगितल्याची कबुली हवी होती, आणि ती देऊ शकणारे तोंड एकच होते, त्या सरांचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मैदानावर गेल्या. कडुलिंबाखाली तीन मोठे माठ होते, काठोकाठ भरलेले. अहवाल खरा होता. फक्त माठांच्या झाकणांवरून एक लाल दुपट्टा आडवा नेऊन दोन्ही बाजूंना गाठी मारल्या होत्या. मुली धावत होत्या. लिंबापाशी आल्या की एकेकीची मान आपोआप वळे. फेरी संपवून धापा टाकत कडेला येऊन बसलेल्या एकीला त्यांनी विचारले, "पाणी पीत नाहीस?"

"सरचा दुपट्टा सुटल्याबिगर नाई, मॅडम. पाणी कमवा लागते इथं." ती हसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आमच्यापेक्षा तं मडकं सुखी. त्याच्या डोक्यावर दुपट्टा तरी हाये."

"नाव काय तुझं?"

"अपेक्षा."

"हे समितीसमोर सांगशील, अपेक्षा?"

तिचे हसू मावळले. "मले भरती व्हाचं हाये, मॅडम," ती म्हणाली आणि उभी राहिली.

मुलगी मेली त्याच मैदानावर तो दुपट्टा तसाच बांधलेला होता. गुन्हा लपवणारा माणूस निदान हत्यार तरी लपवतो. इथे ते हत्यारच आहे, हे कोणाच्या गावी नव्हते. प्रशिक्षक मनोज सर या दुपट्ट्याची लाज बाळगत नाहीत, अभिमान बाळगतात, हे सुभद्राबाईंच्या ध्यानात आले. दोष द्यायला गेले तर हा माणूस नाकबूल जाईल. विद्या मागायला गेले तर सगळे देऊन टाकील.

समितीची अखेरची बैठक अकोल्यात भरली. सुभद्राबाईंच्या आग्रहावरून मैनाला मागच्या खुर्चीवर बसू दिले होते. जबाब टंकलेखक शब्दशः उतरवत होता, कारण सगळे नियमाने झाले असे दिसणे संचालकांना गरजेचे वाटत होते. अध्यक्ष पोलीस खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते.

"मॅडम, तुमचं शरीरशास्त्र आटोपतं घ्या," ते हसत म्हणाले. "ते पुरं समजेस्तोवर माणूस दोनदा मरते. आपल्याला फक्त सही पाहिजे."

"सही देते. पण मनोज सरांची पद्धत समजून घेतल्याशिवाय कशावर देऊ?"

मनोज सर आत आले. गळ्यात शिट्टी, खांद्यावर तोच लाल दुपट्टा. धिप्पाड, नम्र. सुभद्राबाईंनी त्यांना बसायला सांगितले.

"तुमच्या मुली भरतीत निवडल्या जातात, हे खरं आहे. मी इतकी वर्षं शरीर शिकवलं, पण एकालाही धावायला लावू शकले नाही. तुम्ही काय करता?"

सरांची छाती रुंदावली. "मॅडम, शरीर बैलावानी असते. लाड केले का बसकण मारते. तहान, भूक, दम, थे सारे नखरे होय. नखरा मोडला का शरीर सरळ होते. मी बी असाच तयार झालो. आमचे वस्ताद तं कुल्ला करू देत, पण गिळू देत नसत."

"आणि एखादी मुलगी मुळातच कमजोर असली तर?"

"कमजोर कोनीच नसते. एकेकीची एक कमजोर जागा असते. म्या पयल्याच दिवशी घरच्याईले इचारून घेतो. कोनाचा गुडघा, कोनाचा दम. जिथं कमजोर, तिथंच घासाचं."

अध्यक्षांनी घसा खाकरला. "मनोजराव, तेवढं पुरे."

"सांगू द्या ना त्यांना," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा शांत होता. "शिकण्यासारखं आहे. सर, मायाची कमजोर जागा कोणती होती?"

मनोज सर क्षणभरही अडखळले नाहीत. आपल्या विद्येविषयी कोणीतरी प्रथमच मनापासून विचारत होते. ते बोलले, सविस्तर बोलले. बोलून झाल्यावर खोलीत उरलेली शांतता त्यांना कौतुकाची वाटली असावी. ते हसतच होते.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "हे वगळा," ते टंकलेखकाला म्हणाले.

"वगळा, पण मग माझी सहीही वगळा. आणि का दिली नाही, ते मी बाहेर सांगेन," सुभद्राबाई म्हणाल्या. "नाहीतर माझा अभिप्राय म्हणून सरांचं हे बोलणंच ठेवा. मला याखाली काही लिहायचं नाही."

मागच्या खुर्चीवर मैना उठून उभी राहिली होती. तिचे दोन्ही हात पदरात घट्ट आवळलेले होते. ती एवढेच म्हणाली, "पुन्हा वाचा, भाऊ. म्या नीट आयकलं का नाई, पाहू द्या."

टंकलेखकाने अध्यक्षांकडे पाहिले, मग तिच्याकडे. आणि वाचले:

"तिची माय पयल्याच दिवशी फाटकापाशी सांगून गेली होती, का पोरगीचं रक्त असं हाये, तिले पाणी जास्त लागते. म्हणूनच तं म्या तिचं पाणी सगळ्याईच्या आखरीले ठेवलं. त्या दिवशी तिनं मांगतलं, पडाच्या आंधी दोन खेप मांगतलं. म्या म्हटलं, तुले जे सगळ्यात जास्त लागते, तेच तुले सगळ्यात उशिरा भेटन, तवाच तू पक्की होशीन."