स्वयंपाकघरातला गोल

टीव्हीवरचा माणूस "गोल!" म्हणून ओरडला आणि लोरिसनं हातातला झारा ओट्यावर आपटला.

"बस्स, जमलं!" तो मूठ आवळून, हसू दाबत म्हणाला.

गोल आपल्याच गावच्या संघावर झाला होता, शेवटच्या दोन मिनिटांत. लोरिस वळला तर दारात त्याची बायको नीव्हेस उभी, हातात रश्श्याच्या रिकाम्या ताटल्या. तिनं सगळं पाहिलं होतं. ताटल्या ओट्यावर ठेवून ती निघून गेली. बाहेरच्या खोलीत सासरे, दुइलियो, सामना बघत बसले होते. एरवी असा गोल खाल्ला की म्हातारा टीव्हीवर चप्पल भिरकावायचा. त्या दिवशी खोलीतून हूं की चूं नाही. लोरिसचे कान मात्र तापून लाल झाले, आणि नळाखाली हात धरून तो उगाचच बराच वेळ उभा राहिला.

लोरिस बेंदांदीला आमच्या गावात कोण ओळखत नाही? अकरा वर्षं मैदानाच्या मधोमध खेळला. गोल दुसऱ्यांनी करायचे, मिरवायचं दुसऱ्यांनी, आणि पळून पळून चेंडू हिसकावून आणायचा यानं. पुढं तोच संघाचा मिस्तर झाला, म्हणजे प्रशिक्षक. नोव्हेंबरात ओळीनं सामने हरले तसं अध्यक्षांनी त्याला घरी बसवलं आणि बाहेरचा एक गृहस्थ आणला. पण आमच्याकडची रीत अशी की, घरी बसवलेल्याचा करार जूनपर्यंत चालूच राहतो. नवा मिस्तर आपटला की तिसरा शोधायच्या आधी जुन्यालाच परत हाक मारतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं, घरी बसलेल्याला तर जास्तच. म्हणून तर मेला दर रविवारी सामना बघायचा नाही, स्वयंपाकघरात रश्श्यापाशी उभा राहायचा आणि कान बाहेर लावायचा.

सोमवारी फोन आला. मंगळवारी लोरिस मैदानावर हजर.

गाव ते गावच. नोव्हेंबरात ज्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, तेच आता बारमध्ये पत्ते खाली ठेवून टाळ्या वाजवत होते. लोरिस कॉफी अर्धी टाकून बाहेर पडला. खेळाडू एकेक करून हात मिळवायला आले. शेवटी गोलरक्षक आला, ज्याच्या हातून रविवारी चेंडू सुटला होता तो. त्याचे डोळे भरून आले होते. मिस्तर, माझ्यामुळे हरलो, मला माफ करा, असं काहीतरी तो पुटपुटला. लोरिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या पाठीवर थाप मारायला उचललेला हात त्यानं स्वतःच्याच खिशात घातला.

नीव्हेस आठवडाभर त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. तिनं तो विषय काढला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं असं त्याला वाटे. पण स्वतःहून काढायची त्याची छाती झाली नाही.

रविवारी सामना घरच्या मैदानावर होता. लोरिसला सकाळीच निघायचं होतं. नीव्हेस कोट घालून, बटणं लावून तयार झाली. दुइलियो मात्र घरातल्या कपड्यांतच खुर्चीवर बसून होते. उमजायला लागल्यापासून या माणसानं घरच्या मैदानावरचा एक सामना चुकवला नव्हता, बायको गेली त्या आठवड्यातही नाही.

"बाबा, उठा की. तुम्हालाही गाडीतून नेतो," लोरिस म्हणाला.

"मी येत नाही."

"बरं नाही का वाटत?"

म्हाताऱ्यानं गुडघ्यावरची विजार हातानं सारखी केली. बराच वेळ करत राहिला.

"गेल्या रविवारी गोल झाला ना," तो म्हणाला, "तेव्हा मला बरं वाटलं. तू घरात बसून वाळत चालला होतास. म्हटलं, हरू देत आपली पोरं एकदा, म्हणजे याला बोलावतील. मनात म्हटलं नाही नुसतं, देवाला सांगितलं मी तसं. असं वैऱ्यानं मागावं रे, घरच्यानं नाही. आता त्या पोरांसमोर कुठल्या तोंडानं जाऊन बसू?"

लोरिसनं एकच वाक्य बोलणं पुरेसं होतं, आणि ते वाक्य ऐकून म्हातारा टोपी घालून उठला असता. दाराशी उभी असलेली नीव्हेस नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तीही त्या वाक्याचीच वाट बघत होती.

दुइलियोंनी मान वर केली.

"तू त्यांच्यातलाच. तुझ्या मनात आलं असतं का असलं कधी?"

"नाही," लोरिस म्हणाला.

"तेच म्हणतो मी." म्हाताऱ्याला एवढं ऐकूनच हायसं वाटलेलं दिसलं. त्यानं जावयाचा हात हातात घेऊन थोपटला. "तू आहेस म्हणून संघाची अब्रू आहे. जा, उशीर करू नकोस."

लोरिसनं गाडीची किल्ली उचलली. नीव्हेसनं कोटाची बटणं सोडली, कोट खुंटीला अडकवला आणि खुर्ची ओढून ती वडिलांच्या शेजारी बसली.

"आज आपण दोघं घरीच, बाबा," ती म्हणाली.