ती घोळ, तो घोळ

भाजी असली की ती घोळ आणि गोंधळ असला की तो घोळ. आमच्या बोलण्यात एवढा फरक शेंबड्या पोरालाही कळतो. कचेरीतल्या कागदाला तो कळला नाही, ते एक वेळ सोडून देऊ. पण ज्या माणसाला तो सगळ्यांत नीट कळत होता, त्या माणसानं त्या कागदाखाली सही केली. ते माणूस म्हणजे माझी सख्खी नणंद.

मी एका आरोग्यगृहात माळीण आहे. मोठ्या दुखण्यातून उठलेली माणसं इथे महिना-दोन महिने राहतात, अंगात ताकद भरून घेतात आणि आपापल्या घरी जातात. पुढच्या अंगणात फुलं आहेत, ती भेटायला येणाऱ्यांसाठी. मागची बाग कामाची. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून नऊ वाफे आहेत आणि त्या नऊही वाफ्यांत मी बावीस वर्षं घोळ लावते.

घोळ लावते म्हटलं की लोक हसतात. ती काय लावायची असते, ती तर पायवाटेवरही उगवते, गटाराच्या कडेलाही उगवते, असं मला शहाणपण शिकवतात. उगवते, मी कुठे नाही म्हणते. पण पायवाटेवरची वेगळी. ती जमिनीला चिकटून लोळते, पान नखाएवढं, देठ लालभडक, आणि मातीनं इतकी भरलेली की धुता धुता हात दुखावेत. माझी घोळ उभी वाढते, पान अंगठ्याएवढं, गुबगुबीत. दर हंगामात मी सगळ्यांत उंच रोपं बियांना राखली, लोळणारी उपटून फेकली, तेव्हा कुठे ती अशी झाली. उन्हाळ्यात बाकीच्या पालेभाज्या माना टाकतात तेव्हा हीच एक ताठ उभी असते. सकाळी लवकर खुडली तर चांगली आंबट लागते, उन्हं कलल्यावर खुडली तर मवाळ. ज्यांच्या तोंडाची चव गेली आहे त्यांना सकाळची, ज्यांच्या पोटाला आंबट सोसत नाही त्यांना संध्याकाळची. हे सगळं मी वन्संना शिकवलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. वयानं माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, तरी मी त्यांना वन्संच म्हणते आणि अहो-जाहो करते. त्या मला वहिनी म्हणतात आणि अगं-तुगं करतात. चौदा वर्षांपूर्वी त्या सासरहून एक पेटी घेऊन आल्या आणि परत गेल्या नाहीत. मी बोलून दाखवत नाही, पण रस्त्याकडची खोली, जिच्यात वारा येतो, ती मी त्यांना दिली आणि आम्ही नवरा-बायको आतल्या खोलीत गेलो. महिन्याभरात इथल्या स्वयंपाकघरात जागा झाली, तेव्हा शब्द टाकला तो मीच. पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला मदत म्हणून टोपलीभर घोळ तण समजून उपटून ठेवली होती. मी कपाळावर हात मारला, मग त्यांना वाफ्यात बसवलं आणि दोन्ही घोळी हातात देऊन फरक दाखवला. पुढे माझा नवरा गेला, घरात आम्ही दोघीच उरलो. सकाळी एकत्र निघायचं, संध्याकाळी एकत्र परतायचं. मी तोंडानं फटकळ आहे, हे मला माहीत आहे. पण वन्संइतकं जवळचं मला कुणी नव्हतं.

यंदा नवे अधीक्षक आले. माणूस सरळ, पण हातात सतत नकाशा. स्वयंपाकघर वाढवायचं, असं त्यांच्या मनात होतं आणि वाढवायला जागा एकच, मागची बाग. बाग उपयोगाची आहे की नाही ते बघायला तीन जणांची समिती नेमली. बुधवारी समिती आली, बरोबर कचेरीतला कारकून वही घेऊन. वन्संना स्वयंपाकघरातर्फे बोलावलं होतं. मी वाफे न्हाणून, कडा छाटून तयार ठेवले होते, लग्नघर असावं तसे.

समितीतल्या थोरल्या साहेबांनी काठीनं वाफा दाखवून विचारलं, "यात काय आहे?"

मी छाती फुगवून म्हटलं, "ही सगळी घोळच आहे, साहेब."

साहेबांनी वन्संकडे पाहिलं. "खरं का, बाई?"

"हो," वन्सं म्हणाल्या.

मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. घरचं माणूस पाठीशी उभं आहे, या आनंदात मी त्यांना परतीच्या वाटेवर तीन वेळा सांगितलं की तुम्ही अगदी वेळेवर बोललात. त्या पुढे बघत चालत राहिल्या. त्या मुळातच कमी बोलतात, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

शुक्रवारी कारकुनानं पाहणीचा कागद माझ्यापुढे ठेवला, सहीसाठी. मी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. 'मागील बागेची पाहणी केली असता, हा सगळा घोळच आहे, असे माळीणबाईंनी स्वतःहून मान्य केले. स्वयंपाकीणबाईंनी यास दुजोरा दिला. सबब सदर जागा मोकळी करून घेण्यास हरकत नाही.' काम सोमवारपासून.

वेलांटीचा काना झाला आणि माझी बावीस वर्षं गेली. आधी मला हसूच आलं. मग मी कारकुनावर असं तोंड सोडलं की दोन टेबलं पलीकडची माणसं उठून उभी राहिली. तो बिचारा शहरी, भाजीवाल्याकडे गेला तर मेथी आणि कोथिंबीर यांपलीकडे पाहत नसेल. म्हणाला, "घोळ नावाची भाजी असते हे मला आज कळतंय. चुकलंबिकलं असेल तर कळावं म्हणून तर मी कागद सगळ्यांना वाचायला देतोय. बाईंनी काल वाचून सही केली, त्या काही बोलल्या नाहीत."

खाली वन्संची सही होती. मी म्हटलं, घाईत केली असेल. चुलीवर काहीतरी असेल, चष्मा जवळ नसेल. इतकंच काय, कागद कारकुनाला परत देईपर्यंत मी तिच्यासाठी सबबी शोधत होते. आणि मग मला दिसलं. 'स्वयंपाकीणबाईंनी' या शब्दाच्या डोक्यावर निळ्या शाईनं, बारीक, नीटस अक्षरात एक शब्द घातलेला होता: 'मुख्य'.

ते अक्षर मी चौदा वर्षं वाणसामानाच्या चिठ्ठ्यांवर बघते आहे. आपल्या नावामागचं 'मुख्य' राहिलं, हे तिला दिसलं. त्याच्या आधीच्या ओळीत, बोटभर अंतरावर, माझा गळा कापलेला होता, तो दिसला नाही, असं मी कसं मानू? मी कारकुनाच्याच खुर्चीत बसले आणि त्यानं मला पाणी दिलं.

तशीच उठून अधीक्षकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, समितीच्या कागदावर तिघांच्या सह्या झाल्यात. तुमच्या एकटीच्या सांगण्यावरून मला तो फिरवता येणार नाही. स्वयंपाकघराच्या वहीत या भाजीचं नाव आहे का?"

वही मागवली. वहीत सगळीकडे नुसतं 'पालेभाजी' लिहिलेलं.

"मग मुख्य स्वयंपाकीणबाईंना विचारू. ही भाजी आहे आणि आम्ही ती रांधतो, एवढं त्यांनी माझ्यासमोर म्हटलं, तर मी आजच कागद परत पाठवतो. बोलावू त्यांना?"

"आधी मी बोलते," मी म्हटलं. "अर्ध्या तासात येते."

स्वयंपाकघरात दुपारची भांडी निघाली होती. ती खोली मी रोज बघते, पण बाहेरून, दारातूनच टोपली आत सरकवून. त्या दिवशी आत गेले. एक दार, वर धुरकट पंखा, खिडकी नाही. भिंतीपलीकडे माझी बाग, पण भिंत कोरी. वन्सं मोठ्या पातेल्याच्या तळाशी वाकून घासत होत्या.

"बाईसाहेब," मी म्हटलं, "तुम्ही कागद वाचला होता का?"

त्यांनी घासणं थांबवलं नाही. "वाचला होता."

निदान नाही तरी म्हणायचं. मी त्याचीच तयारी करून आले होते. 'मुख्य'चा पुरावा तोंडावर मारायचा होता. ती तलवार म्यानातच राहिली.

"मग ते सगळा घोळ, ते कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं."

"माझा केसानं गळा कापायला तुम्हीच उरला होतात होय? बावीस वर्षांचं काम आहे माझं. रोपन् रोप राखलंय मी. तुम्ही स्वतः ती रांधलीत, माणसांना वाढलीत, चव घेऊन मला सांगायला आलात. आणि एक वेलांटी घालायला सांगताना तोंड शिवलं होतं?"

वन्सं सरळ झाल्या, हात पदराला पुसले. "नव्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या आहेत, वहिनी. साहेबांनी नकाशा दाखवला मला. चौदा वर्षं मी या डब्यात उभी आहे. संध्याकाळी बाहेर येते तेव्हा डोळ्यांपुढे पिवळं दिसतं."

"मग मला सांगायचं! तुम्ही नुसता शब्द टाकला असता तर मी अख्खी बाग दिली असती. माझ्या हातानं उपटून दिली असती. तुम्हाला मी कधी काही नाही म्हटलंय?"

"नाही," त्या म्हणाल्या. "कधीच नाही. दिली असतीस, हे मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"म्हणून तर मागितली नाही. खोली दिलीस, ती मी चौदा वर्षं ऐकते. नोकरी लावलीस, ती ऐकते. टोपलीभर घोळ उपटली होती, ती तर आल्यागेल्याला सांगतेस, माझ्यासमोर, हसून. बाग दिली असतीस तर रोज खिडकी उघडताना तुझीच बाग दिसली असती मला. म्हटलं, एक खिडकी तरी कुणी न दिलेली असू दे." मग पुन्हा पातेल्याकडे वळल्या. "जा, सांग साहेबांना. बोलावलं तर त्यांच्यासमोर खोटं नाही बोलणार मी. भाजी आहे म्हणेन."

मी पाठ फिरवली आणि तिथून निघाले. इतका राग आला होता की कान तापले होते. चोरी करायची ती करायची आणि वर चोरीचं खापर माझ्याच डोक्यावर फोडायचं. मी बोलून दाखवते? मी? कचेरीचा जिना चढता चढता मी आठवायला लागले, यांना दिलेलं आणि न बोललेलं असं काय काय आहे. खोली आठवली, ती बोललेली होती. नोकरी बोललेली होती. त्यांच्या आजारपणात जागून काढलेल्या सतरा रात्री, त्याही मी शेजारणीला सांगितल्या होत्या, वन्सं शेजारी बसलेल्या असताना. जिना संपला तरी न बोललेलं एकही सापडेना.

अधीक्षकांनी घंटीवर हात ठेवला होता. "बोलावू ना बाईंना?"

"नका बोलावू," मी म्हटलं. "राहू द्या. कागद आहे तसा जाऊ द्या." आणि माझी सही केली.

"म्हणजे त्या नाही म्हणाल्या?"

"त्यांचं नाव नको यात. त्यांना यातलं काही कळायलाही नको."

साहेब चांगले होते, त्यांनी जास्त विचारलं नाही. सोमवारी वाफे खणून काढले. मी पुढच्या फुलांना पाणी घालत राहिले, मागे गेले नाही. वन्सं समजल्या की साहेबांनीच माझं ऐकलं नाही, कागद फिरला नाही. संध्याकाळी एकत्र घरी आलो, तेव्हा वाटेत म्हणाल्या, "शेवटी साहेबांनी मला बोलावलंच नाही." मी हूं म्हटलं.

मी हे मायेपोटी केलं, असा कुणी समज करून घेऊ नये. माझं मन एवढं मोठं नाही, आणि तिनं जे केलं त्याला मी आजही विश्वासघातच म्हणते. रागापोटी केलं. तिचं म्हणणं खोटं पाडायचं होतं मला. ही वहिनी न बोलता देऊ शकते, हे दाखवायचं होतं. दिलं. नवं स्वयंपाकघर झालं, दोन खिडक्या आहेत, दुपारी ऊन ओट्यापर्यंत येतं, वन्संच्या चेहऱ्यावर रंग आलाय. आणि रोज त्यांचं जेवण वाढताना माझ्या जिभेच्या टोकाशी येतं की बाईसाहेब, ही खिडकीसुद्धा मीच दिलीय. त्यांचं म्हणणं खोटं ठरलंय हे त्यांना कळायचं तर मला हे सांगायला हवं. आणि सांगितलं, की त्यांचंच खरं.