आम्ही तिघं

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सगळ्या कुटुंबांची ओळख करून घ्यायची, ही टूम सेक्रेटरी हर्षवर्धन यांची. नायगाव पूर्वेच्या त्या नव्या टॉवरमध्ये लोक राहायला येऊन दीड वर्ष झालं होतं, पण लिफ्टमध्ये भेटले तरी प्रत्येकाचं तोंड मोबाइलमध्ये. म्हणून एकेका कुटुंबाने माईकवर यायचं, घरात कोण कोण आहे ते सांगायचं, मूळ गाव सांगायचं आणि प्रत्येकाचा एकेक छंद सांगायचा. दोन मिनिटं. शेवटी बटाटावडा आणि जिलेबी. जिलेबी नसती तर निम्मी सोसायटी फिरकलीच नसती, ते सोडा.

नोटीस वाचून बी विंगच्या चौदाशे तीनमध्ये सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला असेल, तर सिप्रियनला. सिप्रियन म्हणजे त्या घरच्या ॲल्रॉयचा बाप. राहणार वसईच्या किनाऱ्यावरचं पाचूबंदर, चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे होडी त्याच्या हुकमावर समुद्रात जायची आणि त्याच्याच हुकमावर परत यायची. बायको वारली, गुडघे कुरकुरायला लागले, होडी पुतण्याच्या हातात दिली आणि सात महिन्यांपूर्वी मुलाने त्याला इकडे आणलं. तोही सहज आला नाही हो, हट्टाने आणावा लागला. "एकटा काय करशील तिकडे, बाबा? माझं घर ते तुझं घर नाही का?" असं ॲल्रॉय छाती पुढे काढून म्हणाला होता. चार माणसं ऐकत होती, त्यामुळे जरा मोठ्यानेच म्हणाला होता.

तर म्हातारा कामाला लागला. नऊ वर्षांची नात प्रीतल मास्तरीण आणि हा विद्यार्थी.

"छंद म्हंजे काय गो?"

"कोणी सांगितलं नाही तरी आपण करतो ना, ते."

"मंग माझा छंद, तुना शालेच्या बसवरून घरी आनायचा."

"असं नाही चालत, आजा. वाचन, संगीत, प्रवास असं काहीतरी लागतं."

"प्रवास तं चाळीस वरस केला. पानीच पानी."

शेवटी दोघांनी मिळून जाळं विणणं ठरवलं. ते खोटंही नव्हतं. कबुतरांसाठी बाल्कनीला जाळी बसवायला एक माणूस आला होता, त्याची जाळी सिप्रियनने दोन बोटांत धरून पाहिली आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं. ह्या गाठी दोन पावसाळे टिकायच्या नाहीत, म्हणाला. मग पाचूबंदरहून दोरा आणला आणि रोज दुपारी बाल्कनीत बसून स्वतः विणायला घेतलं. जानेवारीपर्यंत अर्धी बाल्कनी झाली होती. कबुतरं उरलेल्या अर्ध्यातून बिनधास्त येत होती, आणि सून नॅन्सी त्यांना हाकलताना हसत होती.

आठवडाभर घरात एकच घोष. 'माझं नाव सिप्रियन. गाव पाचूबंदर. माझा छंद, जाळं विणणं.' 'जाळं' आणि 'विणणं' प्रीतलने त्याच्याकडून पन्नास वेळा घोटवून घेतलं. ॲल्रॉय ऐकायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा.

कारण त्याच्या मनात एक गोष्ट सलत होती, आणि ती आता सांगायलाच हवी.

डिसेंबरात सिप्रियनने नॅन्सीसाठी बोंबील सुकवले होते. नॅन्सीला सुक्या बोंबलाची चटणी जिवापाड आवडते. बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोरीवर त्याने ते जोडीजोडीने टांगले. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं, बी विंगमध्ये मासे कोण सुकवतंय? वास येतो. ॲल्रॉय तेव्हा बोरिवलीच्या आपल्या बँकेत डबा खात होता. 'आमच्याकडचे आहेत, काढतो' इतकं लिहिलं असतं तर विषय संपला असता. पण आपलं नाव येण्याआधी आपणच ओरडावं, अशी दुर्बुद्धी सुचली, आणि त्याने लिहिलं: 'अगदी सहमत. असल्या लोकांना कमिटीने समज दिली पाहिजे.' अकरा जणांनी अंगठे दाखवले.

असल्या लोकांना! अरे, तू ज्या बोंबलावर शिकलास, ज्या बोंबलावर बँकेत लागलास, त्याच बोंबलाबद्दल बोलत होतास ना?

संध्याकाळी त्याने बापाला फक्त एवढंच सांगितलं, की तक्रार आली आहे. सिप्रियनने पाच मिनिटांत दोरी मोकळी केली आणि सगळे बोंबील खाली वॉचमनला देऊन आला.

तर ती सव्वीस जानेवारी उजाडली. सिप्रियनने ॲल्रॉयच्या लग्नात शिवलेला आपला कोट घातला. दुसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची. ए विंग संपली. कोणाचा छंद ट्रेकिंग, कोणाचा बागकाम, एका काकांचा छंद तर देशसेवा निघाला. मग हर्षवर्धन यांनी माईक घेतला. "आता बी विंग! चला, मासे सुकवणारे कोण ते आज कळेल!"

सगळे खो खो हसले. बिचाऱ्याने गंमत केली होती, मनात काही नव्हतं. पण नेमकं त्याच वेळी पहिलं नाव पुकारलं गेलं ते चौदाशे तीनचं.

ॲल्रॉय माईकपाशी गेला. शेजारी नॅन्सी आणि प्रीतल. समोर दुसऱ्या रांगेत सिप्रियनने पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला होता, नाव आलं की उठायला बरं. ॲल्रॉयला तो हात दिसला. मासे हा शब्द अजून हवेत होता. पाचूबंदरचा तांडेल म्हटलं की शंभर माणसं क्षणात ओळखतील, आणि मग ग्रुपवरचा तो मेसेज कोणीतरी शोधून काढेल, हे सगळं त्याच्या डोक्यात एकदम आलं.

"मी ॲल्रॉय. बँकेत आहे. ही माझी मिसेस नॅन्सी, ही मुलगी प्रीतल. आम्ही... आम्ही तिघं. मूळचे वसईचे. मला वाचनाची आवड आहे, आणि गिटार."

गिटार कपाटावर होती. तिच्या दोन तारा तुटून तीन वर्षं झाली होती.

"पप्पा, आणि आजा?" प्रीतल म्हणाली. माईक जवळ होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

"अरे हो, ते आजोबा तुमच्याकडचेच ना?" हर्षवर्धन यांनी विचारलं.

आता बोल ना! अजूनही वेळ गेली नव्हती. 'राहिलंच की, हे माझे वडील' म्हणून हसला असता तर लोकही हसले असते. पण ॲल्रॉय माईकची उंची खालीवर करत राहिला. नॅन्सी त्याच्याकडे बघत राहिली, प्रीतल बघत राहिली. आणि मग दुसऱ्या रांगेतून आवाज आला. समुद्रावर वाऱ्यात ऐकू जाणारा तो आवाज, त्याला माईक लागत नव्हता.

"मी पाहुना हाय. पोरीला बगाय आलूं. आज जानार."

"वा! मग पाहुण्यांना पहिली जिलेबी!" हर्षवर्धन म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिप्रियनने मान लववून त्या घेतल्या आणि खाली बसला.

घरी येताच त्याने कोट काढला, घडी घातली आणि पिशवी भरायला घेतली. "तोंडाला कुलूप लागलं होतं का तुझ्या?" नॅन्सीने नवऱ्याला विचारलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. ॲल्रॉय बापाच्या मागेमागे फिरत होता. "बाबा, राहू दे ना. कोण बघतंय?"

"शंबर मानसांसमोर सांगितला. आता खोटा पडू का?" सिप्रियन म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो रागावलेला नव्हता. बाल्कनीत अर्धं जाळं लोंबत होतं, त्याचं सुटं टोक त्याने ग्रिलला नीट बांधलं आणि गेला.

तीन दिवस ॲल्रॉयला अन्न गोड लागलं नाही. प्रीतलला शाळेच्या बसवरून आता शेजारीण आणायची. प्रीतल त्याच्याशी बोलत होती, पण कामापुरतं. चौथ्या दिवशी त्याने अर्धी सुट्टी टाकली आणि स्कूटर पाचूबंदरला काढली. बाबाला घेऊनच यायचं, पाय धरावे लागले तरी धरायचे, असं ठरवून.

घराच्या अलीकडेच शेजारची रिटा मावशी अंगणात जवळा निवडत बसली होती. त्याला बघताच तिने सूप खाली ठेवलं.

"आलास रं ॲल्रॉय? बापाचा नाव काडलास हां! सांगत व्हता सगल्यांना. पोरानं माईकवर बोलावला, मना तांडेल म्हनून वलख करून दिली, सगल्यांनी टाल्या वाजवल्या. पयली जिलेबी म्हने त्यालाच!"

ॲल्रॉयला पायाखालची जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो मावशीकडे बघून हसला. काय करणार?

सिप्रियन उंबऱ्यात बसून पुतण्याचं फाटलेलं जाळं सांधत होता. ॲल्रॉय त्याच्यासमोर जमिनीवर बसला. बँकेची पँट होती, तरी बसला.

"बाबा, चुकलो मी. भ्यालो. ते माशांचं... ग्रुपवर मी काहीतरी लिहून बसलो होतो..."

"मना ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"असल्या लोकांना." सुई चालतच होती. "पोरीनं तवाच मोबाइलवर वाचून दाखवला व्हता. तिला वाटला, पप्पा दुसऱ्या कोनाला बोलला."

म्हणजे डिसेंबरापासून म्हाताऱ्याला माहीत होतं. माहीत असून तो आठवडाभर 'माझा छंद, जाळं विणणं' घोकत होता. माहीत असून त्याने कोट घातला होता.

"मग... मग तरी तू का आलास खाली?"

सिप्रियनने गाठ ओढून बसवली. "मना वाटला, माईकवर सांगशील."

ॲल्रॉय रडला. चांगला छत्तीस वर्षांचा बाप्या, भर दुपारी, रिटा मावशीच्या डोळ्यांदेखत रडला. "चल ना घरी," म्हणाला.

"येन की. रविवारी येन. जाला अर्धा ऱ्हायलाय." सिप्रियनने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पन पाहुना म्हनून सांगितला हाय, तं पाहुना म्हनूनच येन."

परतताना ॲल्रॉयने स्कूटर वाटेत उभी केली आणि ग्रुपवर लिहिलं: 'डिसेंबरमध्ये बोंबील माझ्या वडिलांनी सुकवले होते. ते पाहुणे नाहीत. त्यांचं नाव सिप्रियन, ते पाचूबंदरचे तांडेल. आम्ही तिघं नाही, चौघं आहोत. मी खोटं बोललो, माफ करा.' लिहिलं तसंच पाठवलं. आता काय आभाळ कोसळायचं ते कोसळू दे.

काहीही कोसळलं नाही. दोन जणांनी हात जोडले, एकाने पाण्याच्या टँकरचं विचारलं. हर्षवर्धन यांनी लिहिलं: 'अहो, आधी सांगायचं ना! आमच्या हिला बोंबील फार आवडतात. आजोबांना सांगा, पुढच्या वेळी आमच्यासाठीही.' एवढंच होतं ते सगळं. एवढ्यासाठी त्याने बापाला माईकवरून गाळलं होतं.

रविवारी सकाळी दहाला गेटवरून इंटरकॉम वाजला. "साहेब, तुमच्याकडे पाहुणे आलेत. पाठवू का वर?" ॲल्रॉय बनियनवरच खाली धावला. वॉचमन अवघडून उभा होता. समोर पाहुण्यांची वही उघडी.

"मी म्हटलं त्यांना, तुम्हाला कशाला लिहायला लागतंय, तुम्ही इथलेच. तर ऐकेनात. म्हणाले, नियम तो नियम."

वहीत मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं. नाव: सिप्रियन. कुठून आले: पाचूबंदर. फ्लॅट: १४०३. आणि काय काम या रकान्यात: पाहुना.

ॲल्रॉयने पेन उचललं. वॉचमनने हळूच वहीवर हात ठेवला. "खाडाखोड नाही चालत, साहेब. कमिटी ओरडते."

ॲल्रॉयने पेन ठेवलं आणि लिफ्टकडे वळला. सिप्रियन आत जाऊन उभा होता, एका हातात दोऱ्याचं बंडल, दुसऱ्यात प्रीतलसाठी आणलेल्या बोरांची पिशवी. लिफ्टचं दार उघडंच होतं. सात महिने रोज दाबलेलं चौदाचं बटण त्याने दाबलं नव्हतं. घरच्या माणसाने येऊन दाबावं, म्हणून तो कोपऱ्यात वाट बघत होता.